दोन चुलींचं घर

“एक सांगू की दोन, बाबा? लवकर सांगा!”

नागोजी कोष्टी फकिराच्या तकियात, त्याच्या मठीत, शिरला तो धापा टाकतच. डोक्याला मुंडासं नाही, पायात वहाण नाही, काखेत नुसती एक रिकामी पाटी. चिंचेखाली बसलेल्या फकीरबाबांनी चिलीम बाजूला ठेवली.

“काय एक, काय दोन?”

“चुली हो! उद्या सरकारी कारकून येतोय. चूलपट्टी बसलीय, दर चुलीमागे कर. भाऊ-भाऊ एका छपराखाली राहत असले, तरी जितक्या चुली तितकी घरं धरणार. आमच्या घरात माझा शब्द घेणार म्हणे.”

घेणारच. नागोजीचा शब्द म्हणजे पेठेत काळ्या दगडावरची रेघ. आपण जन्मात खोटं बोललो नाही, हे तो कुणी न विचारताच चारचौघांना ऐकवत असे.

“मग आहेत तितक्या सांग.”

“तिथंच तर गोम आहे!”

गोम जुनीच होती. बापाच्या मागावर बसायचं कुणी, एवढ्यावरून नागोजीचं आणि थोरल्या महादूचं बिनसलं. घर एकच राहिलं, चुली दोन झाल्या. बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर एकानं भिंतीला सांगावं आणि दुसऱ्यानं भिंतीकडून ऐकावं, अशी तऱ्हा.

“आज सकाळी दादानं कुदळ घेतली आणि स्वतःची चूल फोडली, बाबा. म्हणाला, ‘नाग्या, उद्या एकच सांग. एक पट्टी वाचेल.’”

“आणि पट्टी वाचली म्हणून तू असा नाचत आलास?”

“चुलीत गेली ती पट्टी!” नागोजी ओरडलाच. “दादा मला नाग्या म्हणाला… भिंतीला नाही, मला!”

बाबांनी त्याला बसायची खूण केली.

नागोजीला आता दम धरवेना. “दुपारी एकाच चुलीवर रांधलं. दोघी जावांना आपापल्या हातची सवय. हिनं आमटीत मीठ घातलं, वहिनीनंही घातलं. कुणी कुणाला विचारलं नाही. नुसती खारट! तोंडात धरवेना. मी म्हटलं, झालं, आता दादा ताट भिरकावणार…”

“मग?”

“घटाघटा पाणी प्यायला, आणि म्हणाला, ‘आणखी एक वाटी वाढा.’”

नागोजी हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. एवढा आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

“मग रडतोस कशाला, बेटा?”

“उद्याचं काय करू? एक म्हटलं तर जन्माची कमाई जाते. आमची मनं दोन आणि शपथ घ्यायची एका चुलीची! आणि दोन म्हटलं तर… दादा पुन्हा भिंतीशी बोलायला लागेल.”

“आज घरात चुली किती?” बाबांनी विचारलं.

“एक.”

“उद्या कारकून येईल तेव्हा?”

“एकच. पण ते नाटक आहे, बाबा! परवा दादा दुसरी मांडणार. तुमच्या तकियामागची माती चुलीला चांगली, तडकत नाही. येताना पाटीभर घेऊन ये, म्हणाला.”

बाबांनी हात पुढे केला. नागोजीनं पाटी दिली.

ती बाबांनी उलटून पाहिली, बोटांनी ठोकून पाहिली. मग जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस मांडी घालून बसले.

नागोजी बघतच राहिला.

सूर्य कलला. चिलीम पेटली, विझली. बाबा हलायचं नाव घेईनात.

“बाबा… पाटी…”

बाबांनी चिलीम पुन्हा भरली.

“बाबा, दादा वाट बघत असेल. मी उद्या खोटं कसं बोलू, तेवढं तरी सांगा!”

“उद्या एक म्हण. ते खरंच आहे,” बाबा म्हणाले. “खोटं परवाचं आहे… आणि त्याच्यावर मी बसलोय.”