बासष्ट बाळं आणि एक बटण

"...मग पुसू की नको, एवढंच सांगा माई."

हेरंबने टॅब्लेट पुढे धरला. त्याचं बोट 'सगळं साफ करा' या बटणावर तयारच होतं.

माईंनी तीस वर्षं कॉलेजात संगणक शिकवला. आता त्या डोंगरावरच्या या मठात राहतात. हेरंब त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, निदान तो स्वतः तरी तसं सांगतो. लसीकरणाच्या नोंदींचं ॲप त्यानेच लिहिलेलं, रेंज नसली तरी चालणारं. आसपास रेंज येते ती फक्त मठाच्या ओसरीवर, म्हणून सगळे इथे जमले होते.

"बिघाड काय?"

"पाठवायचं बटण चालत नव्हतं. परवाच दुरुस्त करून नवं ॲप चढवलं. पण हा ब्राउझर जुनंच पान धरून बसलाय. पन्नास वेळा रिफ्रेश केलं. आता त्याने साठवलेलं सगळं, हा साठा, पुसला की झालं. माझ्या मशीनवर मी नेहमी तेच करतो."

"तुझ्या मशीनवर बाळं आहेत?"

हेरंब हसला. माई हसल्या नाहीत.

चांगुणा भांगरे खांबाला टेकून उभी होती. पाच वाड्यांची आशाताई. ओसरीवर खुर्ची एकच, आणि तिच्यावर हेरंब.

"बासष्ट हायेत, माई," ती म्हणाली. "तीन दिस डोंगर तुडवून लिवलीत. समदी याच्यातच हायेत, खाली दवाखान्यात अजून एक बी गेलं नाय. सांजेपर्यंत यादी गेली नाय, तर उद्या लशीचा डबा वर येनार नाय."

हेरंबचं बोट मागे आलं. त्या साठ्यात जुन्या पानाबरोबर नोंदीही असतात, हे त्याला ठाऊक होतं. फक्त आठवलं नव्हतं. हुशार माणसांचं असं होतं.

"मग नवं पान आणायचं कसं?"

"ते आलंय."

"कुठे?"

"याच्यातच. आल्यापासून थांबलंय."

"कशासाठी?"



"ऊठ."

"आं?"

"खुर्चीवरून ऊठ."

तो उठला. कान लाल झाले होते. माईंनी रिकामी खुर्ची चांगुणाकडे सरकवली. ती अवघडून बसली.

हेरंब तिच्याकडे बघत राहिला... आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. ॲप तीन टॅबमध्ये उघडं होतं. पन्नास वेळा रिफ्रेश केलं, एकदाही बंद केलं नव्हतं. जुनं उघडं असेपर्यंत नवं पुढे येणारच नव्हतं.

त्याने टॅब्लेट चांगुणाच्या हातात दिला.

"ताई, तिन्ही टॅब बंद करा... हं. आता परत उघडा."

नवं पान उघडलं. नोंदी जागच्या जागी होत्या. चांगुणाने पाठवायचं बटण दाबलं.

सात... एकोणतीस... अठ्ठावन्न...

"गेली! बासष्टच्या बासष्ट गेली!"

ती एवढ्या जोरात ओरडली की स्वयंपाकघरातून दोघीजणी पिठाच्या हातांनी धावत आल्या. हेरंब टाळ्या पिटत होता. एवढा आनंद त्याला पहिल्या नंबरानंही झाला नसेल. तेवढ्यात खालून फोन आला, डबा सकाळीच निघतोय.

सगळं शांत झाल्यावर हेरंबने अदबीने विचारलं, "माई, आता जुना साठा साफ करू?"

माई आत निघाल्या होत्या. उंबऱ्यात थांबून त्यांनी खुर्चीवरच्या चांगुणाकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस?"