हार घातलेलं यंत्र

पूर-अंदाज कार्यालयात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा संचालक टिपणीससाहेबांनी त्याला स्वतःच्या हाताने हार घातला. त्यात गणितासाठी वेगळी चिप होती आणि एका वेळी दोन कामं चालवणारी नवी ऑपरेटिंग सिस्टिम होती. इंजिनिअर खांबेटे म्हणाले, "साहेब, ही सिस्टिम चिपमधले आकडे सांभाळत नाही. दोन कामांचे आकडे एकमेकांत मिसळतात." साहेबांनी त्यांना जुनाट ठरवलं.

श्रावणात अंदाज चुकला आणि नदीकाठची वस्ती वाहून गेली. गणित खांबेट्यांनी लावलं होतं, म्हणून ठपका त्यांच्यावर आला. त्या धक्क्यानेच ते गेले.

चौकशीत साहेब म्हणाले, "यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो."

खांबेट्यांच्या सहकारी मालिनी रेगे उठल्या. त्यांनी समितीसमोर त्याच पुराचं गणित लावलं. उत्तर आलं, धोका.

"आता तुमचे रंगीत आलेख सुरू करा, साहेब. त्या दिवशी मंत्र्यांना दाखवत होतात, तसेच."

साहेबांनी ते ऐटीत सुरू केले. मालिनीबाईंनी तेच आकडे घालून गणित पुन्हा लावलं. उत्तर आलं, धोका नाही.

"यंत्र चुकत नाही ना, साहेब? आकडे तर तेच होते, मग खांबेटे चुकले कुठे?"

साहेबांनी घाईने आलेख बंद केले. समितीने ठपका पुसला.

संध्याकाळी मालिनीबाई ते सांगायला खांबेट्यांच्या घरी गेल्या. वहिनींनी सगळं ऐकलं, भिंतीवरच्या फोटोचा हार सारखा केला आणि म्हणाल्या, "हे तर ते आधीच सांगत होते हो."