परी बीबीच्या दारात

“मग परी नाव ठेवून काय मिळवलं त्यानं, बुवा?”

शालननं विचारलं, आणि विचारताना आवाज खाली ठेवला नाही.

समोर परी बीबीची कबर होती. ढाक्याच्या लालबाग किल्ल्यात, बागेच्या मधोमध. शाहिस्तेखानाची लाडकी लेक. ती गेली तेव्हा बापानं किल्ल्याचं काम आहे तिथं थांबवलं. अपशकुनी म्हणून. किल्ला आजही अर्धाच उभा आहे.

सकाळी ढाकेश्वरीचं दर्शन झालं होतं. मठाची बाकीची मंडळी तिकडे बागेत फोटो काढण्यात गुंगली होती. “पासपोर्ट काढून एवढ्या लांब आलो, आणि भेटलं कोण? आपलाच बोटं तुटलेला खान!” असं म्हणून एकमेकांना टाळ्या देत होती.

कबरीच्या दाराशी तिघंच होती. मठाचे दगडूबुवा, वय अठ्ठ्याहत्तर. शालन, वय सव्वीस. आणि शालनच्या पदराचं टोक मनगटाला गाठ मारून बांधलेली तिची पाच वर्षांची पोर, धोंडी.

“बोटांचं सगळ्यांना माहीत असतं,” बुवा म्हणाले. “त्याच रात्री पुण्यात त्याचा मुलगाही गेला. लेक इथं गेली.”

“दोन,” शालन म्हणाली.

तिचीही दोन गेली होती. एक बारशाच्या आदल्या दिवशी, एक बारशानंतर चार महिन्यांनी. म्हणून तिसरीचं बारसं केलंच नाही. जन्मल्याबरोबर शेजारणीला सूपभर कोंड्यावर विकली, दुसऱ्या दिवशी परत घेतली, नाक टोचलं, आणि हाक मारली धोंडी. दगडाला कोण नेतंय? कुणी विचारलं, “तुझी का गं?” तर शालन म्हणायची, “छे, उकिरड्यावर सापडली.”

आता जूनमध्ये पोरीला शाळेत घालायचं होतं. गुरुजी म्हणाले होते, नाव बदलायचं तर आत्ताच बदला. एकदा रजिस्टरात गेलं की जन्मभर तेच.

“त्यानं लेकीला परी म्हटलं, मिरवली. गेली,” शालन म्हणाली. “मी धोंडी म्हटलं. ही बघा, आहे.”

“आहे खरी.”

“मग? आता पुन्हा नाव बदल म्हणू नका. दोनदा सांगितलंत, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदाही नाहीच. तुम्ही गुरू खरे, पण पोर माझी…”

तिनं जीभ चावली. वर कबरीच्या घुमटाकडे बघितलं.

“…पोर उकिरड्यावरची आहे,” ती घाईनं म्हणाली.

बुवा वळले. वाटेच्या कडेला गेले. वाकून एक दगड उचलला, नारळाएवढा, आणि आणून तिच्या हातांत दिला.

“हा धर. पोरीला सोड जरा.”

“कशाला?”

“हाही धोंडाच. ह्यालाही सांभाळ, तिच्यासारखा.”

पदराची गाठ बुवांनी स्वतः सोडवली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ… म्हाताऱ्या बोटांना बराच वेळ लागला. सुटल्याबरोबर पोर हिरवळीवर पळाली.

“धोंडे! लांब जाऊ नको!”

गुरूची आज्ञा, म्हणून शालन दगड धरून उभी राहिली. ऊन वर आलं. दगड तापला. पहारेकरी येता-जाता तिच्याकडे बघून हसला. तिचा एक डोळा पोरीवर, एक दगडावर.

शेवटी तिचं डोकं फिरलं.

“बुवा, मी काय खुळी आहे का?”

आणि तिनं दगड धाडकन खाली टाकला.

“टाकलास?”

“दगडच तो!”

“आणि ती?”

“ती कशाला दगड असेल?”

“पासपोर्टवर तर तसंच आहे.”

“असू दे! कागदाला काय कळतंय? ती माझी लेक आहे!”

बागेतली मंडळी वळून बघायला लागली. पहारेकरी थांबला.

पाच वर्षांत हे शालन एकदाही बोलली नव्हती. नवऱ्याजवळही नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि पोरीकडे बघितलं.

पोर पडली नव्हती. तिला काहीच झालं नव्हतं. ती हिरवळीवर नुसती उभी होती.

मग चालत चालत आली.

“मी तुझी?”

शालननं मान डोलावली.

“मग उकिरड्यावरची कोण?”

शालन पायरीवर बसली. बुवाही बसले, एक पायरी खाली.

“माझ्याआधी तीन भाऊ गेले,” ते म्हणाले. “म्हणून मी दगडू. आई मला मांडीवर घ्यायची नाही, कुणी बघेल म्हणून. ‘कुणाचा गं हा?’ कुणी विचारलं की म्हणायची, ‘आलाय कुठून तरी.’”

“तुम्ही जगलात की, बुवा.”

“जगलो. यम फसला की नाही, ठाऊक नाही…”

त्यांनी खाली पडलेल्या दगडाकडे बघितलं.

“मी फसलो.”

दारातून आतला संगमरवर दिसत होता.

“आणि खरं नाव?” शालननं हळूच विचारलं. “तुमचं?”

“तिनं मनात एक ठरवलं होतं म्हणे. कुणाला सांगितलं नाही. तसंच घेऊन गेली.”

शालननं पोरीला जवळ ओढलं. पुन्हा मनगट धरलं, मग सोडलं.

“मीही ठरवलंय एक,” ती म्हणाली. “ही पोटात होती तेव्हापासून. पण यम ऐकत असेल तर?”

“ऐकतोच आहे. ह्या घरी तर तो येऊन गेलाय.”

शालन उठली. पोरीला कडेवर घेतलं. बारशाला नाव कानात सांगतात, हळू, कुर्र करून. शालननं कानात सांगितलं नाही. दाराशी गेली, आत तोंड केलं आणि शेताच्या बांधावरून पलीकडच्या बांधावर हाक मारावी तशी ओरडली.

“केतकी! ऐकलंस का रे? केतकी नाव आहे हिचं! माझी आहे! मी नऊ महिने वाढवली, मी जन्म दिला! कुणाच्या उकिरड्यावर नाही सापडली! ये, बघू तुझी हिंमत!”

घुमटानं सगळं परत केलं. पहारेकरी ओठांवर बोट ठेवून धावत आला. बागेतली मंडळी आ वासून बघत राहिली.

पोर हसली. तिनंही आत तोंड केलं.

“केतकी!” ती घुमटाला म्हणाली. आणि घुमट म्हणाला, केतकी.

शालननं पोरीला खाली ठेवलं. पदर चुरगळलेला होता, गाठींच्या जागी वळ्या पडलेल्या. त्यानंच तिनं तोंड पुसलं.

“चुकलं का, बुवा?”

बुवांनी डोक्यावरची टोपी काढली. गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकले, आणि आपला कान तिच्या तोंडापाशी नेला.

“आता माझं ठेव.”