दस्तगीर उस्तादांचं लिंबू

“थांबायला किती जागा लागती?” दस्तगीर उस्तादांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“सांगितलं ना उस्ताद, भरली गाडीसुद्धा साठनं पळते.”

“पळायचं न्हाई इचारलं मी.”

दिग्विजय चौगुल्यांनी आपल्या जुन्या ट्रकच्या बॉनेटवरून हात फिरवला.

“ते मोजलं नाही कधी,” ते म्हणाले.

गगनबावड्याला, करूळ घाट जिथं उतरायला लागतो त्याच्या जरा अलीकडं, उस्तादांचं गॅरेज आहे. काम फक्त ब्रेकचं. इंजिन घेऊन कुणी आलं तर उस्ताद त्याला चहा पाजतात आणि परत पाठवतात. आम्ही घाटातले ड्रायव्हर खाली उतरण्याआधी इथं थांबतो. जे थांबत नाहीत त्यांच्याविषयी मला बोलायचं नाही.

त्या बुधवारी मी माझ्या ट्रकच्या ब्रेकचे लायनर बदलून घ्यायला बसलो होतो. एकतीस वर्षं हा घाट चालवलाय. म्हणून जे झालं ते पदरचं काही न घालता सांगतो.

चौगुले कोल्हापूरचे. स्वतःची फौंड्री, हाताखाली दोनशे माणसं. गाडी मात्र त्यांच्या वडिलांची, केरबाआण्णांची. एकसष्ट सालचा ट्रक, गोल नाकाचा. आण्णांनी त्यात गूळ भरून कोकणात नेला आणि येताना कौलं आणली. पुढं वीस वर्षं ती गाडी गोठ्यामागं कुजत पडली होती. मुलानं ती उचलली आणि नवी केली. रंग तोच, फळ्या सागवानी, नटसुद्धा शोधून त्या सालचे आणलेले. पुण्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. मला विचाराल तर ते कमीच होतं. गाडी पाहून माझाच ऊर भरून आला, मग त्यांचा का भरू नये?

येत्या रविवारी दीडशे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून, शेजारी आण्णांना बसवून, चौगुले घाट उतरणार होते. आण्णा शहाऐंशीचे.

“आण्णांनी बिनबूस्टरची चालवली,” चौगुले म्हणाले. “त्यांच्या मांड्याच तशा होत्या. माझं काम खुर्चीतलं. म्हणून बूस्टर.”

त्यांनी तीन खोकी उघडून बाकावर मांडली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, आत रबरी पडदा. इंजिन डब्यातली हवा ओढून घेतं, पडदा सरकतो आणि पायाला दुप्पट-तिप्पट जोर मिळतो. डबा मोठा तेवढा पडदा मोठा, आणि पडदा मोठा तेवढा जोर.

पहिला डबा परातीएवढा. तो ठेवला की बॉनेटच लागेना. तो बाद.

उरले दोन लहान. एक चपटा, चकचकीत, आत एकच पडदा. दुसरा बेताच्या घेराचा पण लांबुडका, काळा, आत एकामागं एक दोन पडदे, म्हणजे जोरही दोघांचा.

“हा चपटा,” चौगुले म्हणाले.

“का?”

चौगुल्यांनी बॉनेट उचलून आत बोट दाखवलं. केबिनच्या पत्र्यावर, बरोबर बूस्टरच्या जागेशेजारी, पितळी पाटी होती. ‘केरबा दादू चौगुले, माल वाहतूक, १९६१’. इतकी घासलेली की त्यात माझी मिशी दिसली.

“काळा बसवला तर त्याच्या नटाला जागा करायला पाटी काढावी लागते. चपटा बसवला की पाटी राहते. लोक बॉनेट उघडून आधी पाटी बघतात उस्ताद. फोटो तिचाच काढतात.”

“बरं,” उस्ताद म्हणाले.

आणि त्यांनी चपटा बसवला.

मला राहवलं नाही. चौगुले फोनवर बोलत लांब गेले तसा मी उस्तादांजवळ सरकलो.

“उस्ताद, भरल्या गाडीला एक पडदा? सांगा की त्यांना.”

“तुला सांगितल्यावर तू ऐकलास का रं कवा?”

खरं होतं. मी परत जाऊन बसलो.

दुपारी गाडी तयार झाली. गॅरेजमागं बंद पडलेल्या खाणीचा उताराचा रस्ता आहे. चाचणी तिथंच होते. उस्तादांनी गाडीत रव्यांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरायला लावली.

“पोती कशाला? नुसती पळवून बघू की,” चौगुले म्हणाले.

“रविवारी नुसती पळवनार हायसा?”

पोती भरली.

आता इथली एक रीत सांगायला हवी. नवी गाडी निघाली की लोक चाकाखाली लिंबू ठेवतात आणि चिरडतात. लिंबू फुटलं की शकुन झाला. दस्तगीर उस्तादांच्या इथं उलटं. पांढऱ्या दगडापाशी ब्रेक दाबायचा. तिथून पंचवीस पावलांवर, चाकाच्या रेषेत, उस्ताद लिंबू ठेवतात. ते वाचलं पाहिजे. अख्ख्या जिल्ह्यात लिंबू वाचवून शकुन करणारं हे एकच गॅरेज आहे, आणि आम्ही ते परगावच्या ड्रायव्हरांना मिशीला पीळ देऊन सांगतो.

चौगुल्यांनी रीत ऐकली आणि हसले.

“ठेवा लिंबू.”

ते स्वतः चालवायला बसले. तीसच्या वेगानं गाडी उतारावर आली. काय दिसत होती म्हणून सांगू! दगडापाशी त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. लिंबाच्या चार पावलं पुढं.

चौगुले खाली उतरले. टायरला चिकटलेली साल त्यांनी पाहिली.

“माझा पाय जरा उशिरा पडला.”

“परत,” उस्ताद म्हणाले.

दुसरं लिंबू. या वेळी तीन पावलं पुढं.

“पोती जास्त भरली असतील.”

“मोजून भरलीत.”

“मग लिंबू जवळ ठेवलंय! पंचवीस पावलं कुणी ठरवली? सरकारनं?”

माझं डोकं सणकलं. उस्तादांशी या आवाजात मी कुणाला बोलू देत नाही. उठणारच होतो, पण उस्तादांनी नुसता हात आडवा केला.

“बरोबर हाय मालकांचं,” ते म्हणाले. “ज्यानं बूस्टर निवडला त्यानंच जागा ठरवावी. तुमीच ठेवा.”

चौगुल्यांनी तिसरं लिंबू घेतलं, पावलं मोजली आणि तीस पावलांवर ते ठेवायला वाकले.

“थांबा,” उस्ताद म्हणाले. “लिंबं उगं वाया जायला लागलीत. ते ऱ्हाऊ दे.”

“मग काय ठेवू?”

“पाटी ठेवा.”

चौगुले लिंबू हातात घेऊन सरळ झाले.

“कुठली पाटी?”

“तीच. चार स्क्रू हायत. मी काढून देतो. तीस पावलांवर ठेवा, न्हाईतर चाळीसवर. जागा तुमी ठरवायची.”

“पाटी नको.”

“का? थांबंल की गाडी.”

“थांबेल. पण...”

“पन काय?”

“उस्ताद, त्यावर आण्णांचं नाव आहे.”

 उस्ताद टायरपाशी उकिडवे बसले आणि फडक्यानं लिंबाची साल पुसून काढू लागले. सावकाश, खाचेखाचेतून. मी इतकी वर्षं त्यांना पाहतोय, टायर पुसताना कधी पाहिलं नव्हतं.

“रविवारी आण्णा कुटं बसनार म्हनला?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

चौगुल्यांनी केबिनकडे पाहिलं. डाव्या बाजूची सीट. तिच्यावर त्यांनी आण्णांसाठी जाड गादी शिवून घेतली होती आणि पाय ठेवायला लाकडी पाट केला होता...

खाणीत वारा सुटला होता. 

मग चौगुले चालत गाडीच्या नाकापाशी गेले. बॉनेट उचललं. माझ्याकडं हात पुढं केला. मी स्क्रूड्रायव्हर दिला. दोनशे माणसांचा मालक, पण चारही स्क्रू स्वतः काढले, कुणाला हात लावू दिला नाही. पाटी शर्टाच्या पुढच्या भागानं पुसली, रुमालात गुंडाळली आणि आण्णांच्या सीटवर ठेवली.

“काळा बसवा,” ते म्हणाले.

त्या क्षणी मला तो माणूस आवडला. आधी नव्हता आवडला, हेही सांगून टाकतो.

उन्हं कलली तेव्हा काळा बूस्टर बसला होता. दिसायला अगदीच सामान्य. कुणी फोटो काढणार नाही असा. चौगुले त्याच्याकडं पाहत होते आणि मधेच पाटीच्या जागी राहिलेल्या चार भोकांकडं.

पोती तीच. उतार तोच. लिंबू ठेवायला उस्ताद वाकले तेव्हा चौगुले म्हणाले, “पंचवीसवरच ठेवा उस्ताद. एक पाऊलही पुढं नको.”

गाडी आली. दगडापाशी ब्रेक दाबला गेला. मागची पोती एकदा पुढं सरकून थडकली, नाक खाली झुकलं आणि गाडी उभी राहिली.

मी पळत गेलो. या वयातही पळालो.

चाक आणि लिंबू यांच्यामध्ये वीतभर जागा होती. मी स्वतः वीत ठेवून पाहिली. पिवळंजर्द लिंबू, साधा ओरखडासुद्धा नाही. मी जोरात शिट्टी मारली. गॅरेजमधले सगळे मिस्त्री बाहेर आले. साठ वर्षांपूर्वीची गाडी, पाठीवर दीडशे रव्यांचं वजन, आणि अशी थांबली! उस्तादांचं काम आहे ते, म्हटलं, बघून घ्या.

चौगुले उतरले.  त्यांनी सीटवरून पाटी घेतली आणि रुमाल सोडला.

“आता बॉनेट उघडलं तर हे नाव दिसणार नाही,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. “आण्णा सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसलेत. दर तासाला फोन, गाडी कधी येते म्हणून. आल्या आल्या बॉनेट उघडायला लावतील. ही कुठं लावू उस्ताद?”

उस्तादांनी वाकून लिंबू उचललं. सदऱ्यावर पुसलं, नाकाशी नेलं आणि चौगुल्यांच्या तळहातावर ठेवलं.

“पाटी लावा कुटंबी. आदी ह्या वाचल्याल्या लिंबाचं सरबत करून द्या त्यास्नी.”