नावापुढची तीन अक्षरे

गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा आला, आणि तिथूनच हे सगळे सुरू झाले.

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध स्त्री राहत असे. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे हे तिचे काम. सारे तिला भागूमावशी म्हणत. तिची एक रीत होती. कुठल्याही घरी पहिल्या दिवशी गेली की ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून बाळाच्या आईला सांगे, "बाई, मी डॉक्टर नाही, नर्स नाही. हे काम मला माझ्या सासूनं शिकवलं. बत्तीस वर्षं करतेय. बाळाचं अंग गरम असलं, बाळ दूध ओढत नसलं, तर मी हात लावणार नाही, दवाखान्यात न्यायला लावीन. चालेल का?" आई हो म्हणाली की मगच ती आत येई.

तिच्या हाताखाली शालन नावाची एक तरुण बाई शिकत होती. तिला ही रीत मुळीच पटत नसे.

"मावशी, आपणच आपल्याला कमी का सांगायचं?"

"कमी कुठं सांगते? आहे तेवढं सांगते."

चार वर्षे शिकून शालनने मावशीच्या आशीर्वादाने मुलांच्या दवाखान्याच्या पुढे, त्याच रस्त्याला, एक खोली घेतली. जिल्ह्याला जाऊन आठ दिवसांचे मालिशीचे प्रशिक्षण केले होते, त्याचा कागद चौकट करून भिंतीला लावला. पत्रके छापायला टाकली. गुरुवारी ती हातात आली तेव्हा तिच्या नावापुढे पदवीची तीन इंग्रजी अक्षरे होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पाटीवर असतात, तीच.

"अहो भाऊ, हे मी सांगितलं नव्हतं," शालन गठ्ठा घेऊन आलेल्या छापखानेवाल्याला म्हणाली.

"ताई, डॉक्टरांची कार्डं मीच छापतो. तुमचंही मुलांचंच काम. नावापुढं रिकामी जागा बरी दिसत नाही हो. माणूस कागद बघतो आणि टाकून देतो."

शालन घुटमळली. मग तिने आपले नाव त्या अक्षरांसकट सात-आठ वेळा वाचले, आणि खरे सांगायचे तर ते तिला आवडू लागले. दुपारपर्यंत दोनशे पत्रके वाटून झाली. मावशीला वाचता येत नव्हते. तिने पत्रक वाचून दाखवायला सांगितले. शालनने सगळे वाचले, तेवढी तीन अक्षरे सोडून.

"नावापुढं काहीतरी आहे ना गं?"

"ते असंच असतं, मावशी. शोभेला."



दुसऱ्या दिवशी सकाळी एक आई तीन महिन्यांचे बाळ घेऊन आली. ती धापा टाकत होती. बाळ तिच्या खांद्यावर नुसते पडून होते. "रात्रीपासून दूध ओढत नाही हो. रडतही नाही. तुम्ही लवकर बघा."

शालनने बाळाच्या कपाळाला हात लावला, ते चांगलेच तापले होते. "अहो, ह्याला दवाखान्यात न्या. दवाखान्यावरूनच आलात ना तुम्ही?"

"हो, पण तिथं ही गर्दी. माझ्या फाइलवर डॉक्टरांच्या नावापुढं जी अक्षरं आहेत, तीच ह्या कागदावर आहेत. म्हटलं, ह्या बाईमाणूस आहेत, लगेच बघतील." तिने घामाने भिजलेले पत्रक पुढे केले. "तुम्ही डॉक्टर नाही?"

 शालनच्या मदतीला आलेली मावशी कोपऱ्यातून उठली. "मी नाही आणि ही पण नाही. चल, आधी दवाखाना." दवाखान्यात पोचताच ती पुढे झाली आणि रांगेतल्या बायकांना म्हणाली, "बायांनो, ह्या लेकराला आधी जाऊ द्या." रांग बाजूला झाली. दोन दिवस बाळ तिथे राहिले. तिसऱ्या दिवशी ते पोटभर दूध प्यायले, मोठ्याने रडले, आणि त्या रडण्याने आई हसली.

त्याच दिवशी मावशीने एक विचित्र गोष्ट केली. उरलेली तीनशे पत्रके तिने मऊ दुपट्यात गुंडाळली आणि शालनच्या हातात दिली. "खांद्यावर धर. डोकं सांभाळ. दवाखान्याच्या दारापासून तुझ्या खोलीपर्यंत चाल."

"मावशी, लोक बघतायत. कागदांना कसलं डोकं?"

"चाल तू."

शालन दवाखान्याच्या दारातून निघाली. पहिली काही पावले तिला हसू येत होते. भाजीवालीने विचारलेही, "मुलगा की मुलगी गं?" पुढे तिची पावले मंद झाली. दवाखान्याचे दार मागे राहिले होते, आणि ती त्याच्यापासून दूर दूर चालली होती. अर्ध्या रस्त्यात ती थांबली, वळली, आणि गठ्ठा छातीशी धरून जवळजवळ पळतच दवाखान्याच्या दाराशी परत आली. तिथे मावशी उभी होती.

मावशी शांतपणे म्हणाली, "पोरी, बाळ आजारी असलं की आईला विचार करायला जागा उरत नाही. ती जे लिहिलेलं दिसेल त्याच्या मागं जाते. तुला ती शोभा वाटली, तिला तो रस्ता वाटला. मी उंबऱ्यात उभी राहून सांगते ते माझ्या मोठेपणासाठी नाही आणि नम्रपणासाठीही नाही. कुठून परत फिरायचं, ते तिला आधीच कळावं म्हणून सांगते."

"आणि माझी चार वर्षं, मावशी? ती कुठं लिहायची?"

"तीच तर लिहायची होती. ती तू छापलीच नाहीस."

नवीन पत्रक आले, त्यात शालनचे नाव होते. खाली लिहिले होते: भागूमावशींकडे चार वर्षे शिकले. मालिशीचे आठ दिवसांचे प्रशिक्षण. डॉक्टर नाही, बाळ आजारी असेल तर आधी दवाखान्यात जावे. छापखानेवाल्याने मान हलवली, पण छापले.

त्या पत्रकावर पहिली आली ती तीच आई. बाळ आता गुटगुटीत झाले होते. शालन उंबऱ्यात उभी राहून आपले सगळे सांगू लागली, तशी ती आई म्हणाली, "माहीत आहे हो मला. म्हणून तर आले." मावशीने तेलाची वाटी कोमट करायला ठेवली.

तुमच्या ओळखीत कुणी पाटी रंगवायला किंवा कार्ड छापायला निघाले असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. आणि त्यालाही म्हणा, पुढे सांग.