टाच वळली त्या दिवशी

फार वर्षांमागची गोष्ट. गारमाळच्या पठारावर तेव्हा झाडं जास्त होती आणि माणसं कमी. थंडीत दहिवर पडे. मेंढरांमागच्या बायांच्या टाचा फुटत आणि खडकावर रक्ताची पावलं उमटत. तिथं सुभानातात्या नावाचा लंगडा म्हातारा बायांना चार सुयांवर लोकरीचे मोजे विणायला शिकवी. ही विद्या त्यानं कुठल्याशा बर्फाच्या मुलखातून आणली होती, असं म्हणतात.

बाया मेंढरांमागं चालता चालता विणत. चढाला टाका आवळे, उताराला सैल पडे. तात्या मोज्यावरून नुसतं बोट फिरवी आणि म्हणे, "हे खिंडीत विणलंस. हे ओढ्याला उतरताना. उसव."

घोट्यापर्यंत सगळ्याजणी येत. टाच मात्र बसूनच वळवावी लागे, चालताना टाके गळत. आणि गारमाळची बाई दिवसा बसत नसे, रात्री अंधारात टाका दिसत नसे. पुरुष मोठे कळप घेऊन खाली देशावर गेलेले. बाई बसली की मेंढरं पिकात. वीस वर्षं झाली, एकीलाही टाच आली नाही. बिनटाचेचा मोजा काय कामाचा? फुटते ती टाचच.

तात्या थकला. बोटं आखडली. आपण मेलो की टाचही गेली, हे त्याला खात असे.

एका सकाळी धुरपा आली. जिभेनं तिखट.

"तात्या, नवरा वळणावर आणला मी, पर ही टाच काय येत न्हाई."

"उसव."

"उसवून उसवून लोकर म्हातारी झाली की वो!"

"मीपण झालो. खाली बस."

"आन् मेंढरं काय तुमचा बा राखंल?"

 तात्या गुडघ्यावर हात टेकून उठला आणि तिची काठी घेतली. "मी राखतो. शंभरदा सांगितलंय तसं कर. उठलीस तर बघ."

असं म्हणतात की त्या दिवशी दोनशे मेंढरं त्याच्या लंगड्या पावलाच्या चालीनं चालली. एकही पुढं गेलं नाही. दुपारी खिंडीतून त्यानं खाली पाहिलं. धुरपा उन्हात मान खाली घालून बसली होती. एवढ्या लांबून त्याला तिचा टाका न् टाका दिसला. वीस वर्षांचा शीण त्या घटकेला उतरला. "बरोबर," तो म्हणाला. हा शब्द पठारानं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

सांजेला मेंढरं एकटीच खाली आली. कुणाच्या शेतातलं जोंधळ्याचं एक ताटही मोडलं नव्हतं. तात्या आला नाही. पुरा झालेला मोजा हातात घेऊन धुरपा तीन दिवस खिंड धुंडाळत राहिली. तो खडकात मिसळला, असं म्हणतात.

पुढं धुरपानं साऱ्या पठाराला टाच शिकवली. आजही गारमाळला पोर टाच वळवायला बसते, त्या दिवशी तिची मेंढरं शिकवणारी नेते. सत्तरीची असली, पाय सुजलेले असले, तरी काठी घेऊन तीच जाते. ती खाली येईपर्यंत पोरीनं उठायचं नाही.