जुना ओ देतो तोवर

"...आणि जुना कधी बंद करायचा?" अप्पांनी विचारलं.

"करा की कधीपण," चन्नवीर म्हणाला. "आता तो नुसता देवळातला नंदी. बसून राहायचं काम."

अप्पा हसले नाहीत. मठात नंदीवर विनोद चालत नाहीत.

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. भगवी कफनी, कपाळावर भस्माचे पट्टे आणि कमरेला स्क्रू-ड्रायव्हर. मठाच्या अंधशाळेतली कॉम्प्युटर लॅब त्यांनीच उभी केली. चन्नवीर मठातच वाढला, पुण्यात जाऊन सर्व्हर सांभाळायला शिकला आणि मोठा साहेब होऊन परत आला. आता लॅब त्याच्या हाती जायची होती. फक्त अप्पांनी "झालं" म्हणायचं बाकी होतं.

आम्ही वसतिगृहातली डोळस पोरं दारात बसलो होतो. कामाला नाही, तमाशा बघायला.

कोपऱ्यात जुना सर्व्हर. त्याचं नाव म्हातारा. दिवसरात्र असा घरघरायचा की पत्र्यावरच्या पारव्यांनी दुसरीकडे घर केलेलं. शेजारी नवा. काळा, चपटा, तोंडातून शब्द नाही.

म्हाताऱ्याच्या पोटात इमेजा होत्या. इमेज म्हणजे फोटो नव्हे. एक धडधाकट कॉम्प्युटर जसाच्या तसा उचलून, घडी घालून फाइलीत ठेवलेला. लॅबमधलं एखादं मशीन बिघडलं (आपोआप बिघडायची ती, आमच्याकडे बघू नका), की ते पुसायचं आणि त्यात इमेज ओतायची. मशीन परत नवंकोरं.

त्यातली एक इमेज बोलती. तिच्यात मावशी होती. पडद्यावर असेल ते मावशी मराठीत मोठ्यानं वाचायची, जरा नाकातून. अंध पोरं तिच्यावरच शिकायची. आम्ही तिला शिव्या टाइप करून द्यायचो. त्याही वाचायची, पोथी वाचल्यासारख्या.

मावशीला बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. तिच्या सॉफ्टवेअरच्या सीड्या बुरशीनं खाल्ल्या. लॅबची जुनी मशीनं भंगारात गेली आणि नवी आली ती रिकामी, मुकी. आता मावशी फक्त त्या इमेजमध्ये उरली होती. ती गेली की जगात कुठं मिळणार नव्हती.

"सगळ्या नेल्यास नव्यात?"

"कालच."

"मावशी?"

"तीपण. साइज जुळली, बाइट न् बाइट. अप्पा, पुण्यात असल्या ढीगभर नेल्यात मी."

"तिकडं रुळली का ती?"

चन्नवीर हसला. "फाइल आहे अप्पा ती. सून नाही."

दारात कुणीतरी फिस्स केलं. अप्पांनी मान वळवली नाही, तरी फिस्स थांबलं.

"दाखव," अप्पा म्हणाले.

पहिल्या मशीनसमोर इरण्णा बसला होता. जन्मापासून अंध आणि आमच्या सगळ्यांपेक्षा वांड. चन्नवीरनं त्याच्या खांद्यावरून हात घालून बटन दाबलं. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली.

"बघा. येतेय."

"कुठून?"

"नव्यातून."

"मग म्हातारा का कुरकुरतोय?"

आम्ही कान दिले. खरंच की. म्हाताऱ्याच्या पोटात कुणी डाळ भरडत असल्यासारखं चाललं होतं. नवा गप्प.

"सवय आहे त्याला," चन्नवीर म्हणाला.

अप्पा उठले. म्हाताऱ्याजवळ गेले. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. मग खाली वाकले आणि वायर उपटली.

...

त्या खोलीत कधी शांतता नव्हतीच. बाहेर बाभळीवर होला घुमत होता. तो आम्हाला तिथं बसून पहिल्यांदा ऐकू आला.

निळी पट्टी मध्येच थांबली.

"दादा, लाइट गेली का?" इरण्णानं विचारलं.

"नाही."

"मग काय गेलं?"

चन्नवीरचे कान लालभडक झाले. आम्हाला खरं तर लई मजा यायला पाहिजे होती. आली नाही.

"मशीन सुरू झालं की हाक मारतं, अप्पा," तो हळूच म्हणाला. "वायरीतून. कुणी आहे का, मला भरा. जो आधी ओ देईल त्याच्याकडून घेतं. मी नव्याला ओ द्यायला शिकवलं... पण म्हाताऱ्याला गप्प बस म्हणून सांगायचं राहिलं."

"मग नव्यानं आजवर कुणाला काय दिलंय?"

चन्नवीर नव्याच्या वायरी चाचपायला लागला.

"चन्ना."

"कुणालाच काही नाही."

त्यानं घाईघाईनं म्हाताऱ्याची वायर परत खोचली. दिवा लागला. आतून टक झालं. टक. टक. आणि दिवा विझला.

परत खोचली. आता टकपण नाही.

"उठत नाही, अप्पा." तो गुडघ्यावरच बसला होता. "इतकी वर्षं आतली डिस्क नुसती फिरत होती. थांबली ती थांबलीच... तुमच्याकडे दुसरी कॉपी असेल ना?"

"नाही."

"पेनड्राइव्हवर? कपाटात? कुठंतरी?"

"नाही."

इरण्णानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. त्यालापण कळलं होतं.

"मग वायर कशी काय उपटली तुम्ही?" चन्नवीरचा आवाज फाटला. अप्पांवर आवाज चढवलेला आम्ही कुणाचा ऐकला नव्हता. "या पोरांना तेवढी एकच..."

"तू म्हणालास, नेली."

"नेली, पण..."

"पण?"

"...ओतून नाही बघितली."

अप्पा खाली फरशीवर बसले, इरण्णाच्या पायाशी. पाठ भिंतीला टेकवली.

"मग ओत," म्हणाले.

चन्नवीर नव्या सर्व्हरसमोर गेला. स्वतःचाच पासवर्ड चुकला. परत टाकला, परत चुकला. पुण्याचं सगळं पाणी उतरलं होतं. शर्टाला हात पुसले, एक एक अक्षर बघत टाइप केलं आणि आत शिरला. काय काय बदललं ते आम्हाला कळलं नाही. मग येऊन इरण्णाचं मशीन बंद केलं, चालू केलं.

काळा पडदा.

वायरीतून हाक गेली असणार. कुणी आहे का.

...

नव्यावर एक बारीक हिरवा दिवा लुकलुकला. पडद्यावर पट्टी उगवली.

आम्ही दारातून आत कधी आलो ते आम्हालाच माहीत नाही. नवा आवाजच करत नव्हता. आत काही चाललंय की नाही, कसं कळणार? म्हणून सगळे चन्नवीरच्या तोंडाकडे बघत होतो. इरण्णाला ते दिसत नव्हतं. त्यानं चन्नवीरचं मनगट धरलं होतं, वैद्य धरतो तसं.

पट्टी अडली. सरकली. परत अडली.

आमच्यात एक बाळू आहे, तो प्रार्थनेतपण गप्प बसत नाही. तो गप्प होता.

पट्टी भरली. पडदा परत काळा झाला आणि लई वेळ काळाच राहिला. चन्नवीरनं डोळे मिटून घेतले.

"डेस्कटॉप," मावशी नाकातून म्हणाली. "रिसायकल बिन. पाचपैकी एक."

जागचं कुणी हललं नाही. कचऱ्याच्या डब्याचं नाव ते, तरी अंगावर सरसरून काटा आला. गाभाऱ्यात कुणी नसताना आतून कुणीतरी बोलावं, तसं झालं.

इरण्णानं चाचपून बाणाचं बटन दाबलं.

"पाचपैकी दोन."

परत दाबलं.

"पाचपैकी तीन."

"हीच ती," इरण्णा म्हणाला. "दादा, हीच आहे."

चन्नवीर जाऊन फरशीवर अप्पांसमोर बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"अप्पा... एक विचारू?"

"विचार."

"नसती बोलली तर?"

अप्पा इरण्णाच्या बोटांकडे बघत राहिले. मावशी पुढंपुढं वाचत होती.

"तर ती तुझ्याकडे कालही नव्हती," अप्पा म्हणाले.